तक्ता तोच, मग फोटो कशाला?

प्रश्न असा की रेटिनायटिस पिग्मेंटोसात (डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाणारा आनुवंशिक आजार) नजर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं दरवर्षी तितकीच दिसतात, मग महागडं इमेजिंग कशाला? कारण तक्त्यात फरक फार उशिरा दिसतो. आजार सहसा कडेकडून आत सरकतो. मधल्या बऱ्याच शंकूपेशी (पडद्यातल्या, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी) गेल्या तरी शेवटची ओळ वाचता येते. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये (तंत्र मूळचं खगोलशास्त्रज्ञांच्या दुर्बिणींचं!) आकार बदलणारा आरसा डोळ्यातले प्रकाशदोष काढतो आणि एकेक शंकूपेशी दिसते. १९९७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात हे जिवंत डोळ्यात साधलं. तोच भाग वर्षभराने पुन्हा टिपला की पेशी मोजून ताडता येतात. मोतीबिंदू असेल किंवा नजर ठरत नसेल तर मात्र चित्र बिघडतं. ही यंत्रं अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. तोवर ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन) करा, शक्यतो दरवेळी त्याच यंत्रावर, आणि जुन्या फाइली टाकू नका.