शब्दचर्चा: सेडिमेंटरी बेसिनला ‘खोरं’ म्हणायचं का?

अनुवादाचा_हमाल
मंडळी, एक भाषांतर गळ्यात पडलंय. विषय आहे ग्रॅव्हिटी मॉडेलिंग (म्हणजे जागोजागी गुरुत्व मोजून) वापरून सेडिमेंटरी बेसिनची, म्हणजे गाळ साचून भरलेल्या मोठ्या खोलगट भागाची, खोलवरची रचना कशी काढतात. मी सरळ ‘गाळाचे खोरे’ लिहून मोकळा झालो तर तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारलीये, कारण काही लिहिलेलं नाही. आधीच्या कोणीतरी बेसमेंटचं, म्हणजे गाळाखालच्या जुन्या कठीण खडकाचं, ‘तळघर’ केलं होतं, ते मात्र मीच पकडलं. 😀

चांदा_ते_बांदा
रेघ बरोबर मारलीये. खोरं म्हणजे ज्या भागाचं पाणी एका नदीला मिळतं तो भाग. आता गोदावरीचं खोरं त्र्यंबकेश्वरापासून सुरू होतं, नाशिक त्यात, पैठण त्यात, आणि खाली सगळा काळा बेसाल्ट. पण भूगर्भवाले ‘प्राणहिता-गोदावरी बेसिन’ म्हणतात ते आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडून खाली तेलंगणा-आंध्रात गेलेलं, जमीन खचून झालेला लांबट खड्डा आणि त्यात साचलेले कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोंडवाना काळाचे खडक. आमचा कोळसा त्यातलाच, सिरोंच्याचे डायनोसॉरचे जीवाश्मही त्याच पट्ट्यातले. दोन्हींना खोरं म्हटलं तर नाशिकचा माणूस अंगणात कोळसा शोधत बसेल.

शब्दवेडी
मग द्रोणी घ्या ना. पळसाच्या पानाचा द्रोण डोळ्यासमोर येतो, मधे खोल, कडेला उथळ. फक्त ‘अवसादी द्रोणी’ नको, तो अवसाद हिंदीतून आलाय आणि हिंदीत त्याचा अर्थ डिप्रेशन पण होतो, उगाच द्रोणी उदास वाटते. ‘गाळद्रोणी’ कसं वाटतं?

स्प्रिंगवाला
गाळद्रोणी चालेल, पण एक लक्षात ठेवा ताई, द्रोण रिकामा नसतो. वरून बघाल तर खंबातची द्रोणी म्हणजे गुजरातचं सपाट मैदान, खड्डा कुठेच दिसत नाही कारण तो गाळाने भरलाय. ग्रॅव्हिटीला कळतो तो खड्डा नाही, त्यातला माल कळतो. ग्रॅनाइटची घनता साधारण 2.67 (ग्रॅम दर घन सेंमी), वाळूचे नि शेलचे, म्हणजे चिखलाचे, दगड 2.3-2.4 च्या आसपास, म्हणजे गाळ हलका, म्हणून त्याच्यावर उभं राहिलं की गुरुत्व किंचित कमी भरतं. किंचित म्हणजे किती, तर 0.3 चा फरक असलेला एक किलोमीटर जाडीचा थर साडेबारा मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं एकक) कमी करतो आणि एकूण गुरुत्व असतं 9 लाख 80 हजार मिलिगॅल! ग्रॅव्हीमीटर, म्हणजे गुरुत्व मोजायचं यंत्र, नुसता मीटरभर वर उचलला तरी 0.3 मिलिगॅल कमी होतात, त्यामुळे उंची नीट मोजली नसेल तर पुढचं सगळं मुसळ केरात.

अनुवादाचा_हमाल
वा. मग हे जे गुरुत्व कमी-जास्त भरतं, त्या अ‍ॅनोमलीला काय? कोशात ‘असंगती’ आहे, मी ‘विसंगती’ लिहिलंय.

शब्दवेडी
विसंगती म्हटलं की पुढाऱ्याच्या भाषणातली वाटते.

चांदा_ते_बांदा
तफावत! हिशेबात जितकं यायला हवं होतं आणि जितकं आलं, त्यातला फरक. आमच्या रेशन दुकानात रोज असते.

स्प्रिंगवाला
तफावत झकास. उंचीचा नि मधल्या खडकाचा हिशेब काढून टाकल्यावर जी उरते, तिच्यापुढे एक नाव लावतात (Bouguer anomaly), ते कॉलेजात आम्ही ‘बॉगर’ म्हणायचो, पण तो फ्रेंच माणूस, बूगेर. 1738 साली चिंबोराझो डोंगराने ओळंबा बाजूला खेचला जातो का ते बघायला गेलेला. ‘बूगेर तफावत’ लिहा.
बेसमेंटला तळखडक म्हणा. आणि मॉडेलिंगला ‘प्रतिमानीकरण’ वगैरे करून वाचकाला पळवू नका राव. काम साधं आहे, द्रोणीचा एक आकार धरायचा, त्याने किती तफावत येईल ते काढायचं, मोजलेल्याशी ताडून बघायचं, जमलं नाही तर आकार बदलायचा. गोची अशी की एकाच तफावतीला बरेच आकार बसतात. आपल्याकडचंच बघा, 1973 मध्ये कोयना आणि कुर्डुवाडीच्या पट्ट्यात गुरुत्व कमी भरतं म्हणून दख्खनच्या बेसाल्टखाली दोन खचदऱ्या (रिफ्ट, जमीन खचून झालेल्या लांबट दऱ्या) आहेत असं मांडलं गेलं, दुसऱ्या काहींनी तेच कमीपण आणखी खोल, पृथ्वीच्या कवचाच्या जाडीवर ढकललं. पुढे कोयनेला खोल बोअर मारले तर बेसाल्ट संपला की थेट ग्रॅनाइट-नाइस, मधे गाळाचा पत्ताच नाही. किल्लारीच्या बोअरमध्ये 338 मीटर बेसाल्टखाली गाळ निघाला तो जेमतेम 8 मीटर.
दुसरं म्हणजे गाळ खोल गेला की वरच्या वजनाने दबतो, घट्ट होतो, तळखडकाच्या घनतेशी फारसा फरक उरत नाही. वरचाच मोठा फरक खालपर्यंत धरला तर द्रोणी आहे त्याहून उथळ निघते. म्हणून एकट्या ग्रॅव्हिटीवर मी तरी पैज लावणार नाही, सोबत एखादा बोअर किंवा सिस्मिकची (जमिनीत कंप सोडून त्यांचे पडसाद टिपण्याची) रेघ हवीच.

अनुवादाचा_हमाल
म्हणजे लाल रेघेमुळे चार शब्द मिळाले, गाळद्रोणी, तळखडक, तफावत, खचदरी. मॉडेल तसंच ठेवतो. आता शेवटचं, पुढच्याच वाक्यात ‘बेसिन्स’ आहे. द्रोणीचं अनेकवचन?

शब्दवेडी
नदी-नद्या, तसं द्रोणी-द्रोण्या.

चांदा_ते_बांदा
बाईंना दाखवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचून बघा मात्र. 😄