जुलैत क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक, आईला जुन्या शहराभोवतीचा तट (तटबंदी) झेपेल का?

नौपाडा, ठाणे: आई ६८ वर्षांची. तलावपाळीला रोज फेरी मारते, पण गुडघे दुखतात. तटावर नेऊ का?

घोडबंदर: तट जवळपास २ किलोमीटर, पायऱ्या पुष्कळ, वाट एकेरी, सावली फारशी नाहीच. आम्ही सकाळी आठला चढलो, तरी दहापर्यंत दगड तव्यासारखे तापले. खाली स्ट्राडुनची, म्हणजे जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्याची, फरशी झिजून इतकी गुळगुळीत झालीये की सपाता नकोतच! तटाच्या पिले दरवाज्याजवळ १५व्या शतकातलं ओनोफ्रिओचं कारंजं आहे, पाणी पिण्याजोगं. बाटली तिथेच भरा.

वाशी: काकूंना संध्याकाळी केबल कारनं स्र्ज डोंगरावर न्या. लाल कौलं, समुद्र, सगळं दिसतं. आणि क्रोएशियाला २०२३पासून शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा लागतो, लगेच अर्ज करा.

नौपाडा, ठाणे: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, डोंगरच बरा. मनापासून आभार!