नाविकची निर्बंधित सेवा: किल्ली कोणाच्या हाती असावी?

किनारा: ‘नाविक या आपल्या उपग्रह स्थाननिर्देशन यंत्रणेचा कूटबद्ध संकेत प्रत्येक पोलीस ठाण्याला आणि तहसील कार्यालयाला द्यावा,’ ही काल इथे आलेली सूचना वाचून राहवले नाही. ज्या निर्बंधित सेवेचे सारे मोल संकेत उलगडण्याच्या किल्ल्या मोजक्या हाती असण्यात आहे, ती गावोगाव वाटली तर शत्रूला ती फोडण्याचे कष्टही पडणार नाहीत. युरोपने गॅलिलिओ या आपल्या उपग्रह यंत्रणेच्या अशाच सेवेसाठी २०११ मध्ये स्वतंत्र निर्णय केला, वापरणाऱ्या प्रत्येक देशाला जबाबदार प्राधिकरण नेमायला लावले आणि रिसीव्हरांची निर्मिती व निर्यात नियंत्रणाखाली ठेवली.

गस्तवाला: सूचना माझी होती. २००८ मध्ये मुंबईवरचे हल्लेखोर ‘कुबेर’ नौकेतून जीपीएसच्या आधारे आले आणि माझा भाऊ ज्या गस्तीनौकेवर असतो, तिच्यावरही खुलाच संकेत चालतो. बनावट संकेताला फसून भर समुद्रात यंत्राने नौका डोंगरावर दाखवली, तेव्हा तुमच्या किल्लीचे सोवळे त्याच्या काय कामाचे? कारगिलमध्ये अमेरिकेने जीपीएस नाकारले म्हणून नाविक उभे राहिले. आता आपलेच सरकार आपल्याच माणसांना नाकारणार काय?

निवृत्त सिग्नल: कारगिलची ही कथा आता पुरे. १९९९ मध्ये अमेरिका खुल्या जीपीएसची अचूकता मुद्दाम घटवून साऱ्या जगाला देत होती, ती घट मे २००० मध्ये थांबली. लष्करी संकेत तर आपला कधीच नव्हता, मग नाकारले काय? शिवाय बनावट संकेत कूटबद्धतेने ओळखता येतो, पण जॅमरच्या गोंगाटात कूटबद्ध संकेतही बुडतो.

गस्तवाला: आपण सैन्यात होता म्हणून इतरांनी कारगिलचे नावही घेऊ नये काय? संकेत दुसऱ्याच्या हाती होता, मुद्दा तोच. गॅलिलिओची उपकरणे ब्रिटनमधल्या गिल्डफर्डमध्ये बनली, तरी ब्रेक्झिटनंतर ब्रिटनला सुरक्षित सेवेचे दार बंद झाले आणि स्वतःची तशी यंत्रणा उभारण्याचा बेतही २०२० मध्ये सोडावा लागला.

किनारा: आभारी आहे, उदाहरण माझ्याच बाजूचे दिलेत. उपकरणे बनवणाऱ्यालाही नियमाने बाहेर ठेवता येते, तर आपल्या तहसीलदारांनी रागावण्याचे कारण नाही. सागरी गस्तीला सेवा द्यावी, एवढे मान्य करतो. मात्र प्रत्येक रिसीव्हरची नोंद हवी, किल्ल्या बदलण्याचा अधिकार एकाच प्राधिकरणाकडे हवा आणि यंत्र हरवल्याचे लपवणे गुन्हा ठरावा.

गस्तवाला: तहसीलदार तुम्हाला दिले. नोंदवहीही ठेवू, फक्त ती भरण्यासाठी नौका बंदरात अडकवू नका.

निवृत्त सिग्नल: किल्ल्यांची वाटणी झाली असेल तर वर आकाशात पाहा. स्थान काढायला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला नाविकचा एनव्हीएस-०२ उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचलाच नाही.