पगार अडीच लाखांनी वाढतो, पण रजा घटते : नोकरी बदलावी का?

कुळागर

नमस्कार. एका निर्णयासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आठवडाभरात होकार किंवा नकार कळवायचा असल्यामुळे शक्य तितके तपशील येथे देत आहे.

मी गेली नऊ वर्षे पणजीतील एका खासगी कार्यालयात लेखा विभागात आहे आणि सध्या उपव्यवस्थापक म्हणून काम पाहते. वार्षिक पगार ९ लाख रुपये, आठवडा पाच दिवसांचा, सर्व प्रकारच्या मिळून २४ रजा आणि सणांच्या १२ सुट्ट्या, अशी सध्याची स्थिती आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने मला ११.५० लाखांचा प्रस्ताव दिला आहे. पद व्यवस्थापकाचे, म्हणजे एक पायरी वरचे आहे. मात्र तेथे आठवडा सहा दिवसांचा असून रजा १५ आणि सुट्ट्या १० आहेत.

राहायला मी माशेलला आहे. यजमान तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला असतात. सात-आठ महिने बाहेर आणि मग दोन-अडीच महिने घरी, असे त्यांचे चक्र असते. मुलगी दुसरीत आहे. सासूबाईंना दर महिन्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) तपासणीसाठी न्यावे लागते. सकाळी साडेसातला केसपेपरच्या रांगेत उभे राहिल्यावर औषधे हातात पडेपर्यंत दुपार होऊन जाते आणि त्या दिवशी कार्यालयात जाणे शक्य होत नाही. शिवाय यजमानांचे मूळ घर सत्तरीत आहे. चवथीला सगळी भावंडे तेथे जमतात, गणपती पाच दिवसांचा असतो आणि आदल्या दिवशी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधण्यापासून घरात माणसे लागतात.

घरातील मोठ्यांचे मत असे आहे की अडीच लाखांची वाढ पुन्हा चालून येणार नाही. मला ते पटते आणि तरीही रात्री झोप लागत नाही. रजेची किंमत पैशांत मोजण्याची काही रीत आहे का, आणि असल्यास ती कशी मोजावी, हे कृपया कोणी सांगावे.

हजेरीपट

ताई, मी कुंडईतील एका कारखान्याच्या आस्थापना विभागात वीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. प्रस्ताव हातात घेऊन आलेली असंख्य माणसे मी पाहिली आणि त्यांतील बहुतेकांनी केवळ दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय घेतला. आपण दिवसांचा आकडा समोर ठेवलात, म्हणून हिशेब नीट मांडता येईल.

रजा किती आहे हे पाहण्याआधी वर्षात कामावर किती दिवस जायचे आहे ते काढावे. आपल्या सध्याच्या नोकरीत ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४, रजेचे २४ आणि सणांचे १२ दिवस वजा केले की २२५ दिवस उरतात. नव्या ठिकाणी रविवारचे ५२, रजेचे १५ आणि सणांचे १० दिवस वजा केले की २८८ उरतात. ९ लाखांना २२५ ने भागले तर दिवसाला बरोबर ४,००० रुपये पडतात. ११.५० लाखांना २८८ ने भागले तर ३,९९३ रुपये पडतात. म्हणजे आपल्या एका दिवसाच्या कामाची किंमत तो कारखाना एका रुपयानेही वाढवत नाही. तो आपले आणखी ६३ दिवस जुन्याच दराने विकत घेत आहे. आपण विचारता तो रजेचा प्रश्न खरे तर नऊ दिवसांच्या रजेचा नसून शनिवारांचा आहे. प्रस्तावात शनिवार कोणत्याही रकान्यात लिहिलेला नसतो, म्हणून तो सहज नजरेतून सुटतो.

प्रवासही याच हिशेबात धरावा. माशेलहून पणजी पाऊण तास आणि वेर्णा एक तास वीस मिनिटे असे गृहीत धरले, तर सध्या वर्षाला सुमारे ३३७ तास प्रवासात जातात आणि नव्या ठिकाणी ७६८ तास जातील. जुवारीवरील नव्या पुलामुळे कुठ्ठाळीची कोंडी पूर्वीइतकी राहिलेली नाही हे खरे, परंतु वाढलेले ४३० तास म्हणजे आठ तासांचा एक याप्रमाणे जवळजवळ ५४ दिवस होतात आणि त्यांचा मोबदला कोणीच देत नाही.

कायद्याचेही थोडे सांगतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमात वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा देण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत ही पात्रता १८० दिवसांवर आली असून वीसास एक हे प्रमाण तेच ठेवले आहे. २८८ दिवसांना वीसने भागले की चौदा येतात. आपल्याला देऊ केलेली १५ दिवसांची रजा ही कारखान्यातील कोणत्याही कामगाराला कायद्यानेच मिळणाऱ्या रजेच्या आसपास आहे आणि तिच्यात आजारपणाची रजाही आली असेल, तर ती फारच तोकडी म्हणावी लागेल. व्यवस्थापकाचे पद ‘कामगार’ या व्याख्येत बसत नसल्यामुळे आपल्याला या तरतुदीवर बोट ठेवता येणार नाही; नियुक्तिपत्रात जे लिहिलेले असेल तेवढेच आपले.

म्हणून त्यांना ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच घ्या : १५ रजांमध्ये किरकोळ आणि आजारपणाची रजा धरली आहे का, परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात रजा घेता येते का, न वापरलेली रजा पुढच्या वर्षात जाते की बुडते, आणि ११.५० लाखांपैकी कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम किती. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

समुद्रफेन

मी कांदोळी भागातील एका हॉटेलात अकरा वर्षे काढली. हॉटेलाचे नाव येथे लिहीत नाही. नियुक्तिपत्रात ३० रजा होत्या आणि ते पत्र हातात पडले तेव्हा मला फार आनंद झाला होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम असल्यामुळे त्या काळातील अर्ज वाचल्यावाचून परत येत. नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत तर रजेचा उल्लेख करणेसुद्धा गैर मानले जाई. पावसाळ्यात रजा मिळे, पण तेव्हा कर्मचारी कमी केलेले असत आणि एक माणूस दोघांचे काम करी. माझ्या शेवटच्या वर्षी नऊ दिवस रजा वापरून झाली आणि एकवीस दिवस ३१ डिसेंबरला बुडाले.

वडिलांचे वर्षश्राद्ध जानेवारीत होते. मी दोन महिने आधी अर्ज दिला होता. आदल्या संध्याकाळी व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले की लग्नाची मोठी मंडळी उतरली आहेत, दुपारी दोनपर्यंत परत या. पानावर बसलेल्या भटजींना दक्षिणा देऊन मी तसाच दुचाकीवर बसलो. माझ्या आईने त्या दिवशी मला काहीच म्हटले नाही आणि तेच मला आजही टोचते.

ताईंना एवढेच सुचवतो की कागदावरील रजेचा आकडा किती आहे यापेक्षा गेल्या वर्षी त्या विभागातील माणसांनी प्रत्यक्षात किती रजा घेतली, हे आधी शोधा. तेथे काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला ‘गेल्या चवथीला किती दिवस घरी होतात?’ एवढा एकच प्रश्न विचारलात तरी बरेच कळेल.

दोन_हप्ते

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, परंतु दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. चार वर्षांपूर्वी मी नेमका असाच प्रस्ताव स्वीकारला, रजा कमी करून घेतली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. माझ्यावर तेव्हा घराच्या कर्जाचा आणि भावाच्या शिक्षणाचा, असे दोन हप्ते होते. ज्याच्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर पैसे पुरत नाहीत, त्याला दिवसाचा दर सांगून काही उपयोग होत नाही, कारण बँक हप्ता महिन्याला घेते.

पगाराचा परिणाम पुढेही टिकतो. पुढची वाढ वाढलेल्या पगारावर मिळते, भविष्यनिर्वाह निधीत मूळ पगाराच्या १२ टक्के जातात, ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावर ठरते आणि पुढची नोकरी शोधताना पहिला प्रश्न ‘सध्या किती मिळतात’ हाच असतो. शिवाय २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे ताईंची वाढ करात जाणार नाही. व्यवस्थापक हे पदही महत्त्वाचे आहे. नऊ वर्षे एकाच कार्यालयात काढल्यानंतर ते पद तेथे मिळण्याची शक्यता किती, याचा विचार त्यांनीच करावा.

कर्ज नसेल आणि घरात दुसरे उत्पन्न असेल, तर मात्र माझे वजन हजेरीपट यांच्या बाजूला पडेल.

कुळागर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. कर्ज नाही आणि यजमानांचे उत्पन्न आहे, परंतु ते वर्षभर सारखे नसते. ‘दोन_हप्ते’ यांनी पदाविषयी जे लिहिले ते मला लागले, कारण सध्याच्या ठिकाणी वरची जागा इतक्यात रिकामी होणार नाही हे मला ठाऊक आहे.

मी काल कारखान्याला ईमेल पाठवला आणि आज उत्तर आले. १५ रजांमध्ये आजारपणाची व किरकोळ रजा धरलेली आहे. परिवीक्षेच्या सहा महिन्यांत महिन्याला एकच रजा घेता येते. वर्षाला जास्तीत जास्त पाच रजा पुढे नेता येतात. आणि ११.५० लाखांपैकी १.५० लाख कामगिरीवर अवलंबून आहेत.

मग मी वहीत माझाच हिशेब मांडला. सासूबाईंच्या तपासणीचे वर्षाला बारा दिवस. पंधरातून बारा गेले की तीन उरतात आणि चवथीला पाच लागतात. मुलीला ताप आला तर एकही दिवस शिल्लक नाही. यजमान घरी असतात त्या अडीच महिन्यांत आम्ही सध्या जे दहा-बारा शनिवार एकत्र काढतो, तेही जातील.

चवथीची आणखी एक अडचण आहे आणि ती लेखा विभागातील माणसालाच नीट कळेल. आमचे महिन्याचे दिवस आधीच ठरलेले असतात : सात तारखेला टीडीएसचा भरणा, अकराला आणि वीसला जीएसटीची विवरणपत्रे, पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्याची पुस्तके बंद करणे. आयकराच्या लेखापरीक्षणाची मुदत ३० सप्टेंबर असते आणि चवथ नेमकी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये येते. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. सध्याच्या कार्यालयात आम्ही चौघे आहोत आणि दोघे चवथीला गेले तर दोघे नाताळला जातात, असे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. नव्या ठिकाणी व्यवस्थापक एकटी मीच असणार. ‘चवथीचे पाच दिवस मला मिळतील, असे नियुक्तिपत्रात लिहून द्याल का?’ असे मी विचारले. त्यावर ‘तसे लिहून देता येत नाही, पण आपण समजून घेऊ’ असे फोनवर सांगण्यात आले.

हजेरीपट

ताई, जे लिहून देता येत नाही ते मिळणार नाही असे धरूनच हिशेब करावा. समजून घेण्याचे आश्वासन देणारी व्यक्ती उद्या दुसऱ्या विभागात गेली तर तिच्या जागी आलेल्या माणसाला त्यातले काहीच माहीत नसेल. पहिल्या वर्षी हाती येण्याची खात्री असलेली रक्कम १० लाख आहे. तिला २८८ ने भागले तर दिवसाला ३,४७२ रुपये पडतात, म्हणजे आजच्यापेक्षा पाचशेहून अधिक कमी.

अजून वाटाघाट करायची असल्यास रजेचा आकडा वाढवून मागू नका, कारण सगळ्यांना लागू असलेला नियम एका माणसासाठी बदलायला कोणीही आस्थापना अधिकारी कचरतो, आणि मीही कचरत असे. त्याऐवजी दुसरा आणि चौथा शनिवार मागा. वर्षाला २४ दिवस सुटतील, आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांना अशी सवलत देणे कारखान्याला अवघड नसते.

पुढे कधीही नोकरी बदलली तरी साठलेल्या रजेचे पैसे राजीनाम्याच्या वेळीच घ्या. नोकरीत असताना रजा विकली तर ती रक्कम पूर्ण करपात्र होते. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेला मात्र खासगी कर्मचाऱ्यांना २५ लाखांपर्यंत सूट आहे. २०२३ पूर्वी ही मर्यादा केवळ ३ लाख होती. साठवलेले दिवस आणि सरासरी मूळ पगार यांवरही ती सूट अवलंबून असते, त्यामुळे शिल्लक रजेचा दाखला आधीच मागून ठेवावा.

कुळागर

दोन शनिवारांची मागणी केली. कारखान्यात तशी पद्धत नाही, असे उत्तर आले. सौजन्याने आले, हेही नोंदवते. मी आज सकाळी नकार कळवला.

दुपारी आमच्या वरिष्ठांना भेटून कारखान्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला आणि दिवसाच्या दराचा हिशेब दाखवून पगारवाढीची मागणी लेखी दिली. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि महिनाअखेरपर्यंत वेळ मागितला. पदाचे काय होईल ते ठाऊक नाही आणि ती रुखरुख मनात आहेच.

यजमानांशी बोलणे झाले. ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरणार आहेत. सासूबाईंची पुढची तारीख गुरुवारी आहे. त्या दिवसाच्या रजेचा अर्ज आजच देऊन आले.