मदत हवी आहे : नियोजित जलाशयातील विरघळलेल्या प्राणवायूचा अंदाज

नमस्कार. मी नाशिकला पदव्युत्तर प्रबंधावर काम करीत असून, अजून कागदावरच असलेल्या एका धरणाच्या जलाशयात निरनिराळ्या खोलींवर विरघळलेला प्राणवायू किती राहील, याचा अंदाज मला बांधायचा आहे. नदीतल्या प्राणवायूची घट काढण्याचे १९२५ चे स्ट्रीटर-फेल्प्स समीकरण येथे अपुरे पडते, कारण जलाशयात उन्हाळ्यात वरचे तापलेले, हलके पाणी वरच राहते आणि तळाच्या थंड पाण्याचा हवेशी संबंधच तुटतो. म्हणून सीई-क्वाल-डब्ल्यू२ हे पाण्याच्या गुणवत्तेचे द्विमितीय (लांबी आणि खोली धरणारे) संगणकीय प्रारूप निवडले आहे.

पृष्ठभागाचे गणित सोपे आहे : समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, आपल्या उंचीवर त्याहून थोडा कमी. खरी अडचण तळाची. बुडित क्षेत्रात बाभळी, गवत आणि वर्षानुवर्षे शेणखत मुरलेली काळी जमीन आहे. तिथली ओंजळभर माती मी झाकणाच्या बादलीत भिजवून ठेवली, तर काही दिवसांतच तिला नासक्या अंड्यासारखा वास येऊ लागला (घरच्यांनी बादली गच्चीवर हलवली, ते वेगळे). हा तळ पहिल्या काही वर्षांत किती प्राणवायू खाईल, हे मोजायला जलाशयच अस्तित्वात नाही.

नाशिकजवळच्या जुन्या गंगापूर धरणातला गाळ ज्या दराने प्राणवायू खातो, तेच दर वापरावेत का? मला शंका वाटते, कारण तिथली बुडालेली वनस्पती कधीच कुजून गेली असणार. मातीचे नमुने बंद नळकांड्यांत ठेवून २० अंशांवर दर काढल्यास, ते तळाच्या तापमानाला जुळवून घेण्यासाठी बीओडीचा (पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचा) नेहमीचा १.०४७ हा तापमान-गुणांक चालेल, की गाळासाठी वेगळा घ्यावा? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे.