मदत हवी आहे: जोडीतल्या नमुन्यांना कोणती टी-चाचणी लावायची?

नमस्कार मंडळी, पर्यावरण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सांख्यिकीच्या प्रकल्पात अडकलो आहे.

नदीला सांडपाण्याचा नाला मिळतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा बीओडी (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन; २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांचा) मोजलाय. दोन्हीकडचे नमुने एकाच दिवशी घेतलेले, महिन्याला एक जोडी, एकूण १२ जोड्या. दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी (सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे पाहणारी) लावली तर पी (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.११ येतो. जोडीची चाचणी लावली तर ०.०२!

माझी समजूत अशी, की प्रवाह आणि तापमान महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे होणारा चढउतार दोन्ही ठिकाणी बराचसा सारखा असतो आणि जोडीतला फरक घेतला की तो निघून जातो. म्हणून दुसरी चाचणी योग्य. पण हवा तसा निकाल मिळाला म्हणून तर मी ती निवडत नाही ना, ही शंका काही जात नाही. हे बरोबर आहे का?

शिवाय एका महिन्याचा फरक बाकी सगळ्यांपेक्षा खूपच मोठा आहे. नोंदवही दोनदा तपासली, चूक सापडली नाही, त्यामुळे तो वगळणं मला पटत नाही. विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रमांक चाचणी (फरकांच्या आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरणारी) वापरू, की लॉग घेऊन टी-चाचणीच करू?

शिशाचंही एक आहे. १२ पैकी ५ नमुने शोधमर्यादेखाली (चाचणीत खात्रीने ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाखाली) आलेत. तिथे मर्यादेची निम्मी किंमत घालायची असं वर्गात सांगितलंय, पण त्याने प्रमाण विचलन बिघडेल असं वाटतं. इतक्या कमी नमुन्यांवर कॅप्लान-मायर पद्धत (मर्यादेखालच्या नोंदींना ठरावीक किंमत न घालता अंदाज काढणारी) चालेल का? कुणी वापरली असेल तर कृपया सांगा.