बिल्डिंगमध्ये आयपीव्ही६ येत नाही, म्हणून टनेल टाकावं का?

मुलुंडकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत फायबर आहे, स्पीडबद्दल तक्रार नाही. पण राउटरला मिळणारा पत्ता १००.६४ने सुरू होतो, म्हणजे सीजी-नॅट (ऑपरेटरकडे पत्ते बदलणारी व्यवस्था). अख्ख्या एरियात मिळून मूठभर पब्लिक पत्ते वाटून घ्यायचे. बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोचायची सोय नाही. आयपीव्ही६ (प्रत्येक मशीनला स्वतःचा पब्लिक पत्ता देता येईल अशी नवी पत्तापद्धत) कधी देणार विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, राउटर रीस्टार्ट करून बघा." आणि खिशातल्या मोबाइलवर तेच आयपीव्ही६ केव्हापासून चालू आहे!

माझं मत सरळ आहे. जगभर पत्ते वाटणाऱ्या आयानाकडचा आयपीव्ही४चा (जुन्या पत्त्यांचा) मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ला संपला. दूरसंचार खात्याने २०१०मध्येच आयपीव्ही६चा आराखडा काढला होता. एवढं होऊनही ऑपरेटर हलत नसेल तर वाट बघू नका. मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये एक स्वस्त व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घ्या (आयपीव्ही६चा ब्लॉक राउट करून देणारा, हे आधी विचारून घ्या) आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचं टनेल टाका, म्हणजे आयपीव्ही६चं पॅकेट आयपीव्ही४च्या पाकिटात घालून न्यायचं. ते यूडीपीवर (पोर्ट नंबर असलेल्या पॅकेटांवर) चालतं आणि कनेक्शन घरातून सुरू होतं, त्यामुळे नॅट आडवं येत नाही. याला जुगाड म्हणणाऱ्यांनी कारणासकट लिहावं.

जुना_बीएसडीवाला

मी म्हणतो जुगाड, आणि हे घ्या कारण. २००१मध्ये सिक्स-टू-फोर नावाचं आपोआप जुळणारं टनेल आलं. पॅकेट १९२.८८.९९.१ या पत्त्यावर टाकायचं, जवळचा जो रिले (पाकीट उघडून पुढे धाडणारा राउटर) असेल तो उचलेल. रिले कोणाचा, चालू आहे की नाही, उत्तर कुठल्या वाटेने येणार, कोणालाच ठाऊक नाही. मग विंडोजमधून तेरेडो हे तसलंच टनेल आलं. मशीनला वाटायचं आपल्याकडे आयपीव्ही६ आहे, प्रत्यक्षात साइट उघडायला जीव जायचा. परिणाम काय? मोठ्या साइट्सच आयपीव्ही६ चालू करायला घाबरू लागल्या, कारण शिव्या त्यांना पडायच्या. शेवटी ब्राउझरना दोन्ही वाटा जवळजवळ एकदमच आजमावून जी आधी जुळेल ती धरायची युक्ती करावी लागली. सिक्स-टू-फोरचा तो रिले पत्ता २०१५मध्ये रीतसर मोडीत काढला. अर्धवट टनेलनीच खऱ्या आयपीव्ही६ची बदनामी केली, हे माझं म्हणणं.

मुलुंडकर

काका, ते आपोआप चालणारं टनेल होतं, मधला रिले अनोळखी. माझ्या टनेलची दोन्ही टोकं माझ्या हातात आहेत. आणि टनेलनेच काम फत्ते झाल्याचंही उदाहरण आहे. फ्रान्सच्या 'फ्री' कंपनीने २००७च्या शेवटी सिक्स-आरडी (कंपनीच्या स्वतःच्या रिलेवरचं सिक्स-टू-फोर) वापरून पाच आठवड्यांत ग्राहकांना आयपीव्ही६ दिलं. आतलं नेटवर्क आयपीव्ही४च राहिलं.

जुना_बीएसडीवाला

ते कंपनीने केलं ना? रिले कंपनीचा, राउटर कंपनीचा, फोन वाजला तर उचलणारेही तेच. तुझ्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंनी व्हीपीएस कुठून आणायचा? प्रत्येक हुशार माणूस आपापलं टनेल टाकून गप्प बसला की ऑपरेटर म्हणायला मोकळा, "आयपीव्ही६ची मागणीच नाही."

पार्लेकरीण

तत्त्वाचं भांडण चालू द्या, मी रोज जे निस्तरते ते सांगते.

टनेलमध्ये पॅकेटवर आणखी एक पाकीट चढतं. साध्या सिक्स-इन-फोरमध्ये (आयपीव्ही६ थेट आयपीव्ही४मध्ये भरलेलं, यालाच प्रोटोकॉल ४१ म्हणतात) २० बाइट जातात, १५००चे १४८० उरतात. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डची जोडणी) असेल तर १४७२. वायरगार्ड आयपीव्ही४वरून नेलं तर ६० बाइट. त्याचा नेहमीचा १४२०चा आकडा पीपीपीओईत बसतो, पण ऑपरेटरने स्वतःच आत अजून एक टनेल घातलं असेल तर तोही बसत नाही.

आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. "मोठं झालं, लहान पाठव" असा आयसीएमपी निरोप तो परत धाडतो. पलीकडच्या कोणी शहाण्याने फायरवॉलवर सरसकट आयसीएमपी बंद केलं असेल तर निरोप पोचतच नाही. पिंग चालतं, गूगल उघडतं, आणि बँकेचं पान अर्ध्यावर लटकतं, कारण सर्टिफिकेटचं जाडजूड पॅकेट अडकलेलं असतं. लोक बँकेला शिव्या देतात. राउटरवर एमएसएस क्लॅम्प करा, म्हणजे टीसीपीच्या तुकड्याला कमाल मर्यादा घाला (१४२०ला १३६०), टीसीपीपुरता प्रश्न मिटतो. क्विकवाल्या (टीसीपीऐवजी यूडीपीवर चालणाऱ्या) साइट्स लहान पॅकेटनेच सुरुवात करतात, त्या सहसा अडत नाहीत.

हे करणार असाल तर टनेल टाका. नाहीतर घरच्यांचे टोमणे खा.

आणि फुकटचं टनेल सिंगापूरच्या सर्व्हरवरून घेऊ नका. मुंबईतल्या घरातून मुंबईतल्याच साइटवर जायला पॅकेट समुद्र ओलांडून परत येतं. मुलुंडहून भांडुपला जायला कर्जत गाठण्यासारखं आहे ते. शिवाय सीजी-नॅटमागे प्रोटोकॉल ४१ चालतच नाही, त्याला पोर्टच नसतो.

बीकेसी_नाइटशिफ्ट

आमच्या ऑफिसात प्रोटोकॉल ४१ आणि तेरेडोचा यूडीपी ३५४४, दोन्ही दारातच बंद. बाहेरून पाहणाऱ्या फायरवॉलला टनेलच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. मुलुंडकर, तुम्ही घरातल्या कॅमेऱ्याला जगजाहीर पत्ता देणार, आणि त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन'च असणार. नॅट ही सुरक्षा नव्हे, मान्य, पण आजवर तीच अनेकांना वाचवत होती. आणि मूळ प्रश्न: व्हीपीएस आणि वायरगार्ड आहेच, तर फोनवरही वायरगार्ड टाका, काम झालं. यात आयपीव्ही६ हवंय कशाला?

मुलुंडकर

राउटरवर आत येणारं सगळं बंद आणि हवा तो एकच पोर्ट उघडा, एवढं तर नॅट नसतानाही करता येतं. आयपीव्ही६ हवंय, कारण आईच्या आणि सासऱ्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून समजावत बसायचं नाही. लिंक दिली, मोबाइल डेटावर उघडली, संपलं.

बीकेसी_नाइटशिफ्ट

म्हणजे तुमच्या सासऱ्यांना उघडते ती लिंक कोणालाही उघडेल. बरं.

गल्लीतला_ऑपरेटर

सगळे आम्हालाच धरताय, म्हणून लिहितो. आमच्या भागात पत्ते वाटणाऱ्या एपनिकच्या नवीन सभासदाला आता जास्तीत जास्त ५१२ आयपीव्ही४ पत्ते मिळतात. त्यात गिऱ्हाइकं बसवायची तर सीजी-नॅटशिवाय पर्याय नाही, आणि त्याचे लॉग सांभाळणं परवान्याने बंधनकारक. आयपीव्ही६ने आमचंही ओझं कमीच होईल. अडतं ते गिऱ्हाइकाच्या घरात. जुने ओएनयू (घरातले फायबरचे डबे) आणि लोकांनी लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणलेले राउटर आयपीव्ही६ नीट बोलत नाहीत. नवा बॉक्स कोणाच्या खर्चाने? महिन्याला वीस रुपये वाढवले तरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आमची धिंड निघते.

जुना_बीएसडीवाला

भाऊ, मग तुम्हीच सिक्स-आरडी लावा. तुमच्या आतल्या खासगी पत्त्यांवरही ते चालतं, कारण पॅकेट नॅटच्या अलीकडेच तुमच्या रिलेवर पोचतं. ओएलटीला (तुमच्याकडच्या फायबरच्या मुख्य यंत्राला) हात लावायची गरज नाही.

मुलुंडकर

काका, टनेलच सुचवताय की!

जुना_बीएसडीवाला

ऑपरेटरच्या टनेलला माझा विरोध कधीच नव्हता. वर वाच.

गल्लीतला_ऑपरेटर

सिक्स-आरडीचं सेटिंग राउटरमध्ये हवं ना. आमच्या निम्म्या मॉडेलमध्ये तो टॅबच नाही. ज्यांच्यात आहे त्यातल्या एका विंगमध्ये लावून बघायची तयारी आहे. पण पार्लेकरीणताई, बँकेचं पान लटकलं तर फोन तुम्ही घेणार का?

पार्लेकरीण

क्लॅम्प लावलात तर फोन येणार नाही. पीपीपीओईवर सिक्स-आरडीला एमएसएस १४१२ ठेवा.